वाचणारा वर, कापणारा खाली

प्रबोधनकाळात 'माणूस केंद्रस्थानी आला' हे वाक्य शाळेपासून पाठ असतं. आला म्हणजे नेमकं काय झालं, ते शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभं राहिलं की कळतं.

जुनी पद्धत अशी: उंच आसनावरून प्राध्यापक ग्रंथ वाचणार, खाली न्हावी सुरी चालवणार, तिसरा काठीने अवयव दाखवणार. प्रेत बहुधा फाशी गेलेल्या गुन्हेगाराचं, शक्यतो हिवाळ्यातलं. आधी पोट उघडायचं, कारण आतडी सगळ्यांत लवकर सडतात. मग छाती, मग डोकं, शेवटी हातपाय. या घाईत ग्रंथातलं आणि समोरचं जुळलं नाही, तर थांबून बघणार कोण? न्हाव्याला लॅटिन येत नसे आणि प्राध्यापक प्रेताला हात लावत नसे.

मानवतावादी पंडित या खोलीत शिरले ते भाषेच्या दारातून. मूळ ग्रीक पाठ शोधायचे, शुद्ध करायचे, हा त्यांचा ध्यास. १५२५ साली व्हेनिसच्या आल्डीन छापखान्यातून गेलेनचे, म्हणजे रोममध्ये राहिलेल्या दुसऱ्या शतकातल्या ग्रीक वैद्याचे, ग्रंथ ग्रीकमध्ये आले. विच्छेदन कसं करावं यावरचा त्याचा ग्रंथ मध्ययुगातल्या लॅटिन वाचकांना मिळालाच नव्हता. १५३१ साली पॅरिसमध्ये गुंटर या वैद्याने केलेलं त्याचं लॅटिन भाषांतर छापलं गेलं. त्यात गेलेन स्वतःच सांगतो की माकडं चिरा, आणि आपल्या हातांनी चिरा. त्याच्या काळच्या रोममध्ये माणसाचं शवविच्छेदन होतच नसे. म्हणजे तेराशे वर्षं माणसाचं म्हणून शिकवलेलं शरीर बरंचसं माकडाचं होतं!

गुंटरचा विद्यार्थी आंद्रेआस व्हेसालियस १५३७ साली, २२ व्या वर्षी, इटलीतल्या पादुआच्या विद्यापीठात शिकवू लागला आणि सुरी त्याने स्वतःच्या हातात घेतली. खालचा जबडा दोन हाडांचा, असं गेलेन म्हणतो. माणसात तो एकसंध निघाला. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं 'अद्भुत जाळं' असतं म्हणे. ते मेंढीत, बैलात असतं, माणसात नाही. गंमत म्हणजे, डोक्याचं विच्छेदन करताना आपणही पूर्वी कोकराचं किंवा बैलाचं डोकं जवळ ठेवत असू, ही कबुली त्यानेच दिली आहे.

सांगाड्याची रीतही त्याने बदलली. पूर्वी भोकं पाडलेल्या पेटीत प्रेतावर चुना घालून ती वाहत्या पाण्यात ठेवत. काम किळसवाणं, आणि अस्थिबंध (हाडं बांधून ठेवणारे पट्टे) तसेच राहिल्याने सांध्यांची टोकं झाकलेलीच. त्याने हाडं उकळायला सांगितलं: वर येणारी चरबी काढत राहायची, हाडं खरवडून साफ करायची आणि मग तारेने जोडायची.

१५४३ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला ओपोरिनस या मुद्रकाने व्हेसालियसचा ग्रंथ छापला. दोनशेहून अधिक चित्रं, त्यासाठी कोरलेले लाकडी ठसे आल्प्स ओलांडून नेलेले. चित्रातल्या भागांवर अक्षरं आणि मजकुरात त्यांची फोड. हस्तलिखितातलं चित्र नकलेगणिक बिघडतं. छापलेलं प्रत्येक वाचकापुढे तेच येतं, त्यामुळे चूकही पकडता येते.

चुका त्याच्याही आहेतच. मूत्रपिंडाचं चित्र कुत्र्याचं आहे, डोळ्याचं भिंग त्याने मधोमध बसवलं आहे. हृदयाच्या मधल्या पडद्यातल्या छिद्रांतून रक्त झिरपतं हे गेलेनचं मत १५४३ मध्ये त्याने नवल व्यक्त करत मान्य केलं. १५५५ च्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र त्याने त्यावर उघड शंका घेतली. पुढे पादुआतच शिकलेल्या हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ मध्ये रक्ताभिसरण मांडलं, तेव्हा त्या छिद्रांची गरजच उरली नाही.