तुम्ही विचारलंत म्हणून: पट्टीच्या मधोमध हा उंबर कशाला?

आमच्या रानात येणारा प्रत्येक जण हे विचारतो. ट्रॅक्टरवाला तर दर पेरणीला: “वहिनी, एवढी चांगली पट्टी, अन् मधोमध हा उंबर कशाला ठेवलाय?” दत्ताचं झाड म्हणून तोडत नाही, असं लोक समजतात. आम्हीही समजू देतो, वाद मिटतो. पण खरं कारण त्या झाडाखाली आहे.

आधी तोटा सांगते, म्हणजे तो नंतर कुणी काढायला नको. सावलीत शाळू बारीक राहतो, कणीस भरत नाही. पाखरांचा त्रास वेगळाच. मुळ्यांत फाळ अडकतो म्हणून ट्रॅक्टर लांबूनच वळतो आणि खोडाभोवती एका खोलीएवढा गोल पडीक राहतो.

तो गोल मी एका श्रावणात नीट बघितला. सासूबाईंना जिवतीच्या पूजेला आघाडा हवा होता. पूर्वी बांधावरून चालताना लुगड्याला चिकटायचा. आता बांधावरही तणनाशक मारतात, आघाडा औषधालाही सापडत नाही. उंबराखाली मात्र गुडघाभर. तोडायला वाकले तशी बाकीची मंडळी दिसायला लागली. केना, शतावरीचा काटेरी वेल, गुंज, खोडावर चढलेली रानतोंडली, गुळवेल. कढीपत्त्याची पाच-सहा रोपं, एक भोकर, कडुलिंबाची दाटी, बोर. नाव माहीत नसलेली आणखी कितीतरी. बाहेर बाजरीच्या तासांत तेव्हा चार तणं होती, तीही रोजच्या ओळखीची.

गंमत म्हणजे यात उंबराचं लेकरू एकही नव्हतं. उंबराचं बी अगदी बारीक. आमच्याकडे त्याची रोपं दिसतात ती विहिरीच्या दगडांच्या फटीत, आईच्या सावलीत नाहीत. मग ही बाकीची आली कुठून?

उंबर खोडाला, जाड फांद्यांना घोसानं लागतो आणि वर्षातून एकदाच लागून थांबत नाही. दिवसा तांबट, बुलबुल, साळुंक्या, कोकीळ, रात्री वटवाघळं. हे पाहुणे रिकाम्या पोटी येत नाहीत. कुठे लिंबोळी, कुठे भोकर खाऊन आलेले असतात. इथे बसतात, आणि ते बी इथे पडतं. उघड्या रानात बसायला फांदीच नाही. तिथे पोचतं ते बहुतेक वाऱ्यावरचं बी, रुईच्या म्हाताऱ्या नाहीतर एकदांडी. (हरियल आपला राज्यपक्षी खरा, पण या कामात फुकटा. उंबरं खातो आणि बी बहुतेक पोटातच दळून टाकतो.)

मेक्सिकोत वेराक्रूझ राज्यात लॉस तुश्तलास नावाचा भाग आहे. तिथे जंगल तोडून गुरांची कुरणं केली आणि मधे मधे सावलीला एकेक झाड राखलं. १९८०च्या दशकात अभ्यासकांनी अशा झाडांखाली बघितलं, तर जंगलातल्या झाडांची रोपं उगवलेली होती. आणणारे तेच, पक्षी आणि वटवाघळं. झाड राखणाऱ्यांच्या मनात तर फक्त गुरांची सावली होती. हे वाचलं तेव्हा मला आमचा आघाडा आठवला.

सगळंच गोड नाही. घाणेरीही याच पोटांतून येते, ती वर्षातून दोनदा मुळासकट उपटावी लागते. दुपारी शेळ्या सावलीला बसतात, त्यांच्या लेंड्यांतून वेडी बाभूळ येते. शिवाय उगवलेलं सगळं जगतं थोडंच! उन्हाळा निम्मं मारतो, उरलेल्यावर शेळ्यांचा डोळा. ते भोकर अजून माझ्या कमरेएवढंच आहे; वरचा शेंडा दर वर्षी कुणीतरी खातं.

तीन वर्षांपूर्वी भोकराच्या पलीकडे एक नवं रोप दिसलं, पानं समोरासमोर, देठ नाजूक. चंदन. आमच्या शिवारात चंदनाचं झाड मला तरी ठाऊक नाही; बुलबुलाला ठाऊक असणार. चंदन शेजारच्या झाडाच्या मुळांना आपली मुळं जोडून पाणी ओढतं, म्हणून ते उपटून घराजवळ लावायचा मोह आवरला. भोवती बोरीची काटी तेवढी टाकली.

गेल्या पेरणीला ट्रॅक्टरवाल्यानं ती काटी बघितली. “आता ही कशाला, वहिनी?”

“शेळ्या येतात,” म्हटलं, आणि चहा घ्यायला हाक मारली.