कॉसग्रोव्ह ते स्टोक ब्रुअर्न: चित्रीकरणासाठी बोट नेताना

इंग्लंडमधल्या वुल्व्हर्टनहून ग्रँड युनियन कालव्यानं उत्तरेकडे निघालं की आधी लोखंडी जलसेतू लागतो. खाली ग्रेट ऊज नदी, वरून आपली बोट. इथला विटांचा सेतू १८०८ साली कोसळला, म्हणून १८११ मध्ये हा ओतीव लोखंडाचा बसवला. पलीकडे कॉसग्रोव्हचं एकच लॉक (दोन दरवाज्यांमध्ये पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करायचा हौद), गावातला नक्षीदार दगडी पूल आणि मग साधारण साडेपाच मैल सपाट पाणी. त्याच्या टोकाला स्टोक ब्रुअर्नची सात लॉकं. एरवी सकाळी निघालो तर हे अंतर आम्ही उशिराच्या जेवणापर्यंत कापतो. चित्रीकरणासाठी तेवढ्याच पट्ट्याला तीन दिवस लागले.

कथानक दुसऱ्या महायुद्धातलं. त्या काळात याच कालव्यावर बायकांनी मालाच्या बोटी चालवल्या. लंडनहून बर्मिंगहॅमकडे पोलादासारखा माल जायचा आणि परतताना कॉव्हेंट्रीच्या परिसरातला कोळसा यायचा. बोटी जोडीनं असत: पुढची इंजिनाची, मागची बिनइंजिनाची. प्रत्येकी सुमारे ७० फूट लांब, त्यात राहायची खोली शेपटाकडे जेमतेम दहा फुटांची, बाकी सगळी मालाची जागा. आजकालच्या राहत्या नॅरोबोटीवर, म्हणजे आमच्यासारख्या अरुंद कालवा-बोटीवर, पुढून मागपर्यंत खोल्या असतात. त्यामुळे दूरच्या दृश्यात आमची बोट चालणार नव्हती, त्यासाठी जपलेल्या जुन्या बोटी आणल्या होत्या. आमच्याकडे दोन कामं होती: शेपटाकडची जवळची दृश्यं आणि कॅमेरा वाहून नेणं. निर्मात्यांकडून बोलावणं आलं तर हा प्रश्न पहिल्यांदा विचारा. बोट दिसणार आहे की वापरली जाणार आहे, यावर पुढची सगळी तयारी ठरते.

आमची बोट ५७ फूट लांब, ६ फूट १० इंच रुंद, पोलादी, वजन सुमारे १७ टन. कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे वारीची चाल. ब्रेक नाही. ‘कट’ म्हटल्यावर कलाकार थांबतात, बोट पुढे जातच राहते. थांबवायची तर इंजिन उलटं फिरवावं लागतं, आणि उलट्या इंजिनात सुकाणू चालत नाही, कारण बोट ढकलणाऱ्या मागच्या पंख्याचं पाणी तेव्हा सुकाणूवर येत नाही. शेपूट एका बाजूला सरकतं, वारा असेल तर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, दुसरीकडे जाते. ‘पुन्हा एकदा’ म्हणजे ही सगळी कसरत. वळवून परत आणायची म्हटलं तर ५७ फुटी बोट कालव्यात कुठेही वळत नाही, त्यासाठी काठ खोदून केलेल्या ठराविक जागा आहेत आणि त्या मैलमैल दूर असतात.

पहिल्या दिवशी यार्डली गॉबियनच्या अलीकडे एकाच दृश्याचे सहा टेक झाले. दोन टेक उलटं इंजिन चालवून जागेवर आलो, दोन्ही वेळा शेपूट समोरच्या काठाच्या गाळात गेलं. तिसऱ्यापासून दोरानं ओढून मागे नेलं. ते जास्त लवकर झालं आणि पाणीही ढवळलं नाही. ढवळलेलं तपकिरी पाणी पुढच्या टेकमध्ये लगेच डोळ्यांत भरतं, हे आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

दोरानं ओढणं हे या कामातलं सर्वांत उपयोगी कसब आहे. संवाद असतील तेव्हा इंजिन बंदच हवं. डिझेलची धडधड ध्वनिमुद्रणवाल्यांना नको असते, ती नंतर वेगळी भरता येते. अशा वेळी पंचवीस-तीस मीटरचा दोर घ्यायचा, पण नाळेच्या अगदी टोकाला बांधायचा नाही, नाहीतर बोट काठाकडे खेचली जाते. थोडा मागे, छतावर पक्कं कडं असेल तिथे बांधला तर ती सरळ चालते. घोड्यांच्या काळात ओढायचा खुंटही म्हणूनच नाळेपासून मागे असे. काठावरून दोघांनी अंग पुढे झोकून सावकाश भार द्यायचा. हिसका दिला तर पाय घसरतो, बोट हलत नाही. एकदा हलली की एक माणूस पुरतो. थांबवताना काठावरच्या खुंटाला दोराचा एक वेढा घालून हळूहळू आवळायचा. दोर हाताला कधीच गुंडाळायचा नाही. सतरा टन थांबत नाहीत आणि हाताची बोटं तुटतात.

दिग्दर्शकाला बोट काठाला खेटून हवी असते, कारण कॅमेरा काठावर असतो. पण कालव्याचा तळ बशीसारखा असतो, मधे खोल आणि कडेला उथळ. वेगात काठाशी गेलात तर बोट पाणी मागे खेचते, शेपूट खाली बसतं आणि तळाला टेकतं. तेव्हा इंजिन वाढवणं ही सर्वांत मोठी चूक. इंजिन मंद करा, खोल पाण्याच्या बाजूला पाच-सहा माणसं उभी करा, लांब काठीनं नाळ ढकला. कॅमेरा खाली काठाशी ठेवून लांब लेन्स लावली तर मधल्या खोल पाण्यातली बोटही जवळ दिसते. हे छायाचित्रकाराला आदल्या दिवशी काठावर उभं राहून दाखवलं असतं, तर आमचा एक तास वाचला असता.

सुकाणू धरणारी कलाकार शिकाऊ होती. आडवा दांडा डावीकडे ढकलला की नाळ उजवीकडे वळते, हे डोक्याला पटायला वेळ लागतो. सरळ पाण्यात अर्धा तास सराव पुरतो, पण तो चित्रीकरणाच्या वेळापत्रकात लिहूनच घ्या. इंजिनाची कळ आमच्या बोटीवर आत, दारापाशी आहे. त्यामुळे मी खाली इंजिनखोलीत बसून वेग सांभाळला आणि काठावरून एक जण वॉकीटॉकीवर सांगत गेला. तिच्यासाठी एक नियम पक्का होता: दारातच उभं राहायचं, दांड्याच्या मागे कधी नाही. उलटं जाताना सुकाणू दगडाला अडलं तर दांडा जोरात फिरतो, आणि मागे उभ्या असलेल्या माणसाला थेट पंख्याजवळच्या पाण्यात फेकतो. लांब झगा, शाल, सैल पट्टे यांवरही नजर हवी. कपड्याखाली घालायची पातळ फुगती जॅकेटं मिळतात, ती वेशभूषाकारांना मोजमाप घेतानाच द्यायला हवीत.

बोट जुनी दाखवायची तर झाकाझाक आलीच. सौर पत्रे, टीव्हीचा अँटेना, बाजूला टांगलेले, धक्का झेलणारे प्लास्टिकचे फेंडर, खिडकीतला लायसन्सचा कागद. नोंदणी क्रमांक झाकायचा असेल तर कालव्याची देखभाल करणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टशी चित्रीकरणाच्या परवानगीतच ते बोलून घ्यावं. बोट पोलादी असल्याचा एक फायदा आहे: चुंबकी पत्र्यावर जुन्या कंपनीचं नाव रंगवून तो नुसता चिकटवता येतो. चिकटवण्याआधी बाजू धुवायची, नाहीतर खाली अडकलेल्या रेतीनं रंगावर ओरखडे पडतात. रात्री पत्रे उतरवायचे, कारण आत ओल धरते. गुलाब आणि किल्ल्यांची हाती काढलेली चित्रं असलेल्या दारावर कुणालाही जाड कापडी टेप लावू देऊ नका. ती निघताना वॉर्निशसकट पाकळ्या घेऊन येते, आणि ते काम करणारे रंगारी सहज मिळत नाहीत.

आतल्या दृश्यांबद्दल थोडकंच. मोकळी रुंदी सहा फूट, कॅमेरा मागे न्यायला जागाच नाही. तीन माणसांहून जास्त आत घेऊ नका. पण एक गोष्ट जिवावरची आहे. प्रकाश अडवायला काळं कापड लावणारी मंडळी खिडक्यांबरोबर हवेच्या जाळ्याही बंद करतात. आत शेगडी पेटलेली असेल तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. एप्रिल २०१९ पासून राहत्या बोटींवर त्याचा अलार्म सक्तीचा आहे. आमच्याकडे कुणीतरी त्याचा दिवा दिसतो म्हणून त्यावरही कापड टाकलं होतं. मी चित्रीकरण थांबवलं, सगळ्या जाळ्या मोकळ्या केल्या. धुराड्यातून धूर हवा असेल तर टेकच्या जरा आधी शेगडीत थोडं ओलसर लाकूड टाकावं, बिनधुराचा कोळसा कॅमेऱ्यात दिसत नाही. पण दिवसभर ओलं लाकूड जाळलं तर नळीत डांबर बसतं.

वीज बोटीवरून देऊ नका. आमच्याकडे ११० अँपिअर-तासांच्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्या आहेत. निम्म्याच रिकाम्या करायच्या म्हणजे हाती २२० उरतात. एक हजार वॅटचा दिवा इन्व्हर्टरवर ९० अँपिअरच्या आसपास ओढतो. जेमतेम दोन तास, आणि संध्याकाळी फ्रिज बंद. जनरेटर काठावर, बोटीवरून वारा जिकडे जातो त्या बाजूला आणि पेट्रोलचे डबे बोटीपासून लांब.

तिसऱ्या दिवशी स्टोक ब्रुअर्नची लॉकं. सात लॉकांत कालवा ५६ फूट चढतो. लॉक १४ फूट रुंद, म्हणजे दोन नॅरोबोटी शेजारी शेजारी बसून चार इंच उरतात. जुनी बोट एका बाजूला, आमची कॅमेऱ्याची दुसऱ्या बाजूला, दोन्ही एकाच पाण्यावर एकाच वेगानं वर येतात, त्यामुळे चित्र मुळीच हलत नाही. एवढं स्थिर चित्र क्रेननंही मिळालं नसतं. मात्र आत शिरण्याआधी सगळे फेंडर वर घ्यायचे, नाहीतर दोन्ही बोटी पाचरीसारख्या अडकतात. लॉक भरताना आधी पाणी आत सोडणारी काठातली झडप अर्धीच उघडायची. दरवाज्यातल्या झडपा त्यांच्यावर पाणी चढल्याशिवाय उघडायच्या नाहीत, नाहीतर पुढच्या डेकवर धबधबा पडतो. एकटी बोट असेल तेव्हा ती ज्या भिंतीला आहे त्याच बाजूची झडप आधी उघडावी, प्रवाह समोरच्या भिंतीवरून परतून तिला दाबून धरतो.

पण इथे ‘पुन्हा एकदा’ फार महाग. एका रुंद लॉकला सुमारे अडीच लाख लिटर पाणी लागतं. पुन्हा टेक म्हणजे तेवढं पाणी खाली सोडून बोटी पुन्हा खाली आणणं, वीस मिनिटं आणि वरच्या टप्प्यातली पातळी उतरणं. उन्हाळ्यात पाणी कमी असलं की किती टेक चालतील हे ट्रस्टच्या माणसाशी आधीच ठरवावं लागतं. शिवाय ये-जा करणाऱ्या बोटींना वाट द्यायची असते. कालवा चित्रीकरणासाठी बंद होत नाही.

खरा धोका बोटी खाली आणतानाचा. वरच्या दरवाज्याच्या आत पाण्याखाली काँक्रीटचा किंवा दगडाचा उंबरठा असतो, त्याची हद्द भिंतीवर पांढऱ्या रेघेनं दाखवलेली असते. पाणी उतरताना शेपूट त्या रेघेच्या मागे राहिलं तर ते उंबरठ्यावर टेकतं, नाळ पाण्याबरोबर खाली जाते, आणि काही मिनिटांत पुढच्या दारातून बोट भरते. चढतानाच्या दृश्यात सगळे सावध असतात. खाली येताना कॅमेरा बंद, चहा फिरतोय, लक्ष मॉनिटरकडे. म्हणून आम्ही एक माणूस फक्त पांढऱ्या रेघेवर ठेवला, त्याच्या हाताचा इशारा आल्याशिवाय झडपेला हात नाही. बोट अडकलीच तर एकच उपाय: खालच्या झडपा ताबडतोब बंद, मग वरच्या सावकाश उघडायच्या.

वरच्या लॉकपाशी जुन्या धान्यगिरणीत कालव्याचं संग्रहालय आहे, आणि शेजारच्या बंद लॉकमध्ये बोटी तोलायचा काटा मांडलेला आहे. चहाच्या सुट्टीत तो पाहून या. पुढे ब्लिसवर्थचा ३०७६ यार्डांचा, १८०५ सालचा बोगदा. हवेच्या झरोक्यांतून आत अखंड पाणी ठिबकतं, म्हणून कॅमेरा आत न्यायचा बेत रद्द करून आम्ही अलीकडेच बोट वळवली.

करारात लिहून घ्यायच्या गोष्टी: खासगी विम्यात भाड्यानं देणं बसतं का याचं विमा कंपनीकडून लेखी उत्तर, थांबून राहण्याच्या तासांचे पैसे, डिझेल, रंगाची दुरुस्ती आणि सुरक्षेसाठी चित्रीकरण थांबवण्याचा बोटमालकाचा अधिकार. शेवटचं कलम आम्हाला जाळ्यांच्या वेळी लागलं.

परत निघण्याआधी शेपटाकडचं पंख्यावरचं झाकण उघडून हात घालावा लागतो, अर्थात इंजिन बंद आणि किल्ली खिशात ठेवून. पंख्याला काळ्या कापडाची पट्टी, दोन केबल टाय आणि मासेमारीच्या दोरीची गुंडाळी सापडली. झाकण परत लावताना रबर स्वच्छ पुसायचं, पट्टी पूर्ण आवळायची, मग इंजिन उलटं-सुलटं चालवून कडेनं पाणी येत नाही ना हे टॉर्च लावून पाहायचं. हे झाकण सैल राहिलं तर पंखाच बोटीत पाणी भरतो.