माहेरचा भाग क्रमांक

गेल्या नोव्हेंबरात शाळा सुटली की मी डिचोली तालुक्यातल्या माझ्या भागात अर्ज घेऊन घरोघर फिरत होते. मतदार यादीच्या विशेष सखोल फेरतपासणीत 4 नोव्हेंबर 2025 पासून गोवाही आला होता, आणि प्राथमिक शिक्षिका म्हणून बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्रापुरती यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं, काम माझ्याकडे होतं. अर्ज छापील, वर मतदाराचा फोटो. खाली एक चौकट: 2002 च्या यादीत तुमचं नाव कुठे होतं? नसेल तर आईवडिलांचं किंवा आजीआजोबांचं कुठे होतं? मतदारसंघ, भाग क्रमांक (म्हणजे एका मतदान केंद्रापुरत्या यादीचा), अनुक्रमांक.

एका घरी नवऱ्याचा अर्ज पाच मिनिटांत भरून झाला. जन्म त्याच वाड्यावरचा, जुन्या यादीत वडिलांच्या खाली तो स्वतः. त्याच्या बायकोची, वहिनींची, चौकट मात्र कोरी.

"बाई, माका काय लिवूचा लागतला?"

वहिनींचं माहेर दोडामार्गापलीकडचं, महाराष्ट्रातलं. जन्म 1986 चा, म्हणजे 2002 मध्ये त्या सोळा वर्षांच्या. यादीत असणं शक्यच नव्हतं. लग्नात तांदळात नाव लिहिलं गेलं आणि पहिलं नावसुद्धा बदललं. पुढे वडिलांच्या जागी नवरा आला, माहेरच्या आडनावाच्या जागी सासरचं. त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला आणि मतदान कार्ड माझ्यापुढे शेजारी शेजारी ठेवलं. दोन्ही कागद एकाच बाईचे, पण नावातला एकही शब्द जुळत नव्हता.

जुन्या यादीशी धागा जुळला नाही तर पुढे नोटीस आणि सुनावणी. सुनावणीत चालणाऱ्या कागदांची यादी माझ्या पिशवीत होती: जन्मदाखला, पासपोर्ट, बोर्डाचं प्रमाणपत्र, जातीचा दाखला वगैरे. आधार होतं, पण फक्त ओळखीपुरतं. लग्नाचा दाखला त्यात नव्हता. रेशनकार्ड नव्हतं. वहिनी आठवी शिकलेल्या, जन्म घरातला म्हणून जन्मदाखला नाही. जातीचा दाखला काढायचा तर वडिलांकडचे कागद हवेत, म्हणजे परत माहेरच. वीस वर्षं याच घरातून त्या मतदान करत आल्या होत्या.

"भावाला फोन लावा," मी सहज म्हटलं. त्यांनी मान खाली घातली. काजूच्या बागेच्या हक्कसोडीच्या कागदावर सही दिली नाही म्हणून भाऊ सात वर्षं बोलत नाही. वडील 1997 साली गेले, आई 2011 मध्ये. माझं मलाच वाईट वाटलं. नवऱ्याला कुणाचीच मनधरणी करावी लागली नव्हती.

आसामात नागरिक नोंदणीच्या वेळी लाखो विवाहित बायकांकडे माहेराशी नातं दाखवायला ग्रामपंचायतीचा दाखलाच होता. तोही उच्च न्यायालयात बाद ठरला, आणि डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जोडकागद म्हणून तो पडताळणीच्या अटीवर पुन्हा मान्य केला. मी ते तेव्हा पेपरात वाचून पान उलटलं होतं. आता तीच अडचण पडवीत माझ्यासमोर बसली होती.

जुनी यादी सगळ्यांना खुली असते. मी मोबाईलवर महाराष्ट्राची त्या वेळची यादी उघडली. स्कॅन केलेली पानं, नाव टाकून शोधायची सोय नाही. 2008 च्या पुनर्रचनेत मतदारसंघ बदललेले, त्यामुळे गाव कुठल्या भागात ते आधी हुडकावं लागलं. ते सापडेपर्यंत दिवेलागण झाली. मग वहिनी चष्मा लावून माझ्या शेजारी बसल्या आणि एकेक ओळ वाचू लागल्या.

"ह्यो आमच्या सड्यावरचो. मेलो. ही त्याची बायल, माका न्हाणयायची. ह्यो पोस्टमन." पानामागून पान सरकत होतं आणि गाव उठून बसत होतं. नवऱ्याने चहा आणून ठेवला, तो गार झाला. मी घाई केली नाही. इतक्या वर्षांत त्यांना त्या गावाबद्दल कुणी विचारलं नसावं.

आईचं नाव मात्र त्यांना चटकन आठवेना. घरात सगळे 'आये' म्हणत, गावात मुलाच्या नावाने हाक. कागदावरचं सासरचं नाव कोण घेणार? शेवटी आम्ही वडिलांच्या नावावरून शोधलं. 'पतीचे नाव' या रकान्यात ते होतं. नवरा जाऊन पाच वर्षं झालेली, तरी ती यादीत त्याच्याच नावाने. आणि शाळेच्या दाखल्यावर वहिनींच्या नावापुढेही तेच नाव. दोघी मायलेकींना जोडणारा तेवढा एकच शब्द.

वहिनींनी वयाच्या रकान्यावर बोट ठेवलं. 39.

"माज्याएवढीच होती," त्या म्हणाल्या, आणि पदराने चष्मा पुसत राहिल्या.

भाग क्रमांक, अनुक्रमांक, नातं: आई. दाखला जपून ठेवा, बोलावलं तर लागेल, असं सांगून मी अर्ज घेतला. 16 डिसेंबरच्या प्रारूप यादीत त्यांचं नाव आलं.

माझ्या भागात दोघी राहिल्या. एकीचं माहेर कर्नाटकातल्या खानापूरकडचं. यादी कन्नडमध्ये, मला वाचता येईना, आणि वाचून घेतली तरी तिच्या घरचं कुणी त्यात मिळेना. दुसरी आईबाप लहानपणीच गेल्यामुळे मामाकडे वाढलेली, आणि चौकटीत मामाला जागा नव्हती. दोघींच्या नोटिसा मीच नेऊन दिल्या. सुनावणीच्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर गेले.