ठोकून पाहणे

उन्हाळ्याच्या तोंडावर माठ घ्यायला गेलेला माणूस बोटाचे पेर वाकवून माठावर दोनदा टकटक करतो आणि कान देतो. आवाज खणखणीत आला तर माठ नीट भाजलेला आहे, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे, इतके सरळ ते शास्त्र असते. आमच्या घरात मात्र ही परीक्षा माठ-नारळांपाशी थांबत नव्हती. दाराची चौकट, भिंतीचा गिलावा, पाण्याचा पिंप, सायकलची रिम, एवढेच काय, मला शाळेसाठी आणलेली नवी पाटीही अण्णांनी आधी वाजवून पाहिली होती. वाजवून झाल्यावर ते काही बोलत नसत. वस्तू चांगली असली तर तिथेच राहत असे आणि नसली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त झालेली दिसत असे.

अण्णा मध्य रेल्वेत, नांदगाव आणि चाळीसगावच्या मधल्या टापूत चावीवाले होते. कागदावर त्यांचा हुद्दा ‘कीमॅन’ असा होता, पण रुळांवरच्या कामगारांच्या गँग चाळीत तो शब्द कोणी वापरत नसे. रूळ खालच्या आडव्या स्लीपरवर घट्ट बसावा म्हणून त्याच्या कडेला पोलादी चावी ठोकलेली असे आणि गाड्यांच्या हादऱ्यांनी ती हळूहळू सैल होत असे. रोज सकाळी सुमारे सहा किलोमीटर जायचे आणि तितकेच परत यायचे, जाताना एका बाजूच्या व येताना दुसऱ्या बाजूच्या चाव्या पाहायच्या, सैल असेल ती हातोडीने आत बसवायची, दोन रुळांचा सांधा जोडणाऱ्या फिशप्लेटचे बोल्ट तपासायचे, हे त्यांचे काम. खांद्यावर हातोडी आणि पाना, पिशवीत लाल झेंड्या, गाडीला इशारा द्यायला रुळावर लावायच्या फटाक्यांची डबी आणि आईने बांधून दिलेली भाकरी. पक्की चावी हातोडीखाली ठणठणते, सैल चावी नुसती खडखडते. पंचवीस-तीस वर्षे ज्याने हा फरक ऐकण्यातच दिवस घालवले, त्याला स्वतः फार बोलावेसे वाटत नसावे, असे मला आता वाटते. लहानपणी मात्र मी ते घुमे आहेत असेच समजत होतो.

रात्री मालगाडी चाळीवरून धडधडत गेली की आम्ही झोपेतच कूस बदलत असू. अण्णा उठून बसत. एखाद्या पावसाळी रात्री ते कंदील घेऊन बाहेर पडत आणि अर्ध्या तासाने चिखलाचे पाय धुऊन पुन्हा आडवे होत. सकाळी मुकादमाकडून कळे, की कुठल्याशा सांध्याखालची खडी दबली होती. आई म्हणे, “ह्यांना माझं बोलणं ऐकू येत नाही, पण मैलावरचा सांधा ऐकू येतो.” अण्णा यावरही काही बोलत नसत, फक्त चहाचा कप पुढे सरकवत. तो कप म्हणजे दिलगिरी की आणखी चहाची मागणी, हे आईला शेवटपर्यंत ठरवता आले नाही.

त्यांच्या तोंडून सलग ऐकलेले सर्वांत मोठे वाक्य नियमाचे होते. रूळ तुटलेला दिसला तर काय करायचे, असे मी एकदा विचारले, तेव्हा ते एका दमात म्हणाले, “लाल झेंडी धरून गाडीच्या दिशेने पळायचं, सहाशे मीटरवर एक फटाका लावायचा, बाराशेवर तीन, दहा-दहा मीटरच्या अंतराने.” सातवीत असताना मी हिशेब केला, की रोजचे १२ किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे दहा वर्षांत ते ३६,००० किलोमीटर चालले आहेत आणि पृथ्वीचा घेर आहे ४०,०००. वही त्यांच्यापुढे धरली. ती त्यांनी नीट वाचली आणि म्हणाले, “मग पुढच्या दिवाळीच्या आसपास होईल.”

पुढे काँक्रीटचे स्लीपर आले, चाव्या गेल्या आणि त्यांच्या जागी लोखंडी क्लिपा आल्या. तेरा-तेरा मीटरचे रूळ एकमेकांना जोडून लांबच लांब झाले, तशी गाडीची ती सांध्यांवरची खटखटही विरळ झाली. अण्णांनी तक्रार केली नाही. २००४ मध्ये निवृत्त झाल्यावर आम्ही नाशिकला राहायला आलो, तेव्हा त्यांनी नव्या फ्लॅटच्या सगळ्या फरश्या चाळीतल्या जुन्या लाटण्याने ठोकून पाहिल्या आणि पोकळ वाजणाऱ्या नऊ फरश्यांवर खडूने फुल्या मारल्या. बिल्डरच्या माणसाला त्या बदलून द्याव्या लागल्या.

शेवटच्या आजारात त्यांच्या छातीत पाणी झाले होते. तरुण डॉक्टरांनी त्यांना पलंगावर बसवले, पाठीवर डावा हात सपाट ठेवला आणि त्यावर उजव्या हाताच्या बोटाने ठोकत ठोकत ते खाली आले. दोन दिवस डोळे मिटून पडलेल्या अण्णांनी डोळे उघडले. मान किंचित कलती करून ते ऐकू लागले, आणि डॉक्टर तिसऱ्यांदा त्याच जागी आले तेव्हा म्हणाले, “उजवीकडं बद्द येतोय.” डॉक्टर चमकले आणि मग हसले. अण्णांना तो मुलगा फार आवडला. नंतर मला हळूच म्हणाले, “ह्याला काम कळतं.” माणसाबद्दल ते याहून अधिक कधी बोलल्याचे मला आठवत नाही.

अकरा दिवसांनी ते गेले. स्मशानात त्यांच्या गँगमधले तिघे म्हातारे आले होते आणि एका बाजूला, रुळाशेजारी उभे राहावे तसे, अंतर राखून उभे होते. पाण्याने भरण्याआधी मडके माझ्या हातात दिले गेले आणि माझे बोट आपोआप वाकले. मी दोनदा टकटक केली. काकांनी माझा हात धरला. “अरे, ते फोडायचंच आहे,” ते म्हणाले.

“वाजवू द्या त्याला,” मागून म्हातारे मुकादम म्हणाले.

मडके खणखणीत होते.