सही झाली, लिलाव मात्र मंगळवारीच

मी टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओत घरकर्जाचे हप्ते थकलेल्यांसाठी समुपदेशक म्हणून काम करते. लष्करी तळांचं गाव, त्यामुळे माजी सैनिक रोजचेच. ३० जुलै २०२५ला ट्रम्प यांनी व्हीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या, घरकर्ज सुधारणा कायद्यावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच एक निवृत्त सार्जंट बातमी दाखवत आले. “मॅम, वाचलं ना घर?”

त्यांच्या घराचा लिलाव ५ ऑगस्टला होता. इथे जप्तीसाठी सहसा कोर्टात जावं लागत नाही. २१ दिवस आधी नोटीस लावायची आणि महिन्याच्या पहिल्या मंगळवारी घर विकून मोकळं व्हायचं.

कायदा चांगलाच आहे. थकबाकी व्हीए भरणार, कर्जाच्या साधारण २५ टक्क्यांपर्यंत, आणि ती रक्कम घरावर दुसरा बोजा म्हणून राहणार. सार्जंटसाहेबांची थकबाकी १९ हजार डॉलर, मुद्दल २ लाख १० हजार. अगदी सहज बसत होते. पण अंमलबजावणीचे नियमच निघाले नव्हते. कोविडकाळातली अशीच सोय २०२२मध्ये संपली. २०२४मध्ये आलेली ‘व्हास्प’ योजना, ज्यात थकलेलं कर्ज व्हीएच विकत घ्यायची, १ मे २०२५ला बंद झाली. त्यांचे कागद एप्रिलपासून कर्जकंपनीकडे पडून होते. जुनं दार लावण्याआधी नवं उघडावं, एवढं साधं कुणाला सुचू नये?

कंपनी म्हणे, कर्जाची फेररचना करा. कागदावर छान. पण सार्जंटसाहेबांचं कर्ज २०२१चं, पावणेतीन टक्क्यांचं. नव्या दराने, म्हणजे सातच्या आसपास, हप्ता पाचशे डॉलरहून जास्त वाढत होता. त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्या हातातून घेतला, पुन्हा आकडे मारले आणि न बोलता परत दिला.

मग व्हीएच्या कर्ज विभागाला फोन. तिथल्या बाई अनुभवी होत्या. त्यांनी कंपनीला लिलाव थांबवायला सांगितलं. दिवाळखोरीच्या वकिलाची वेळही मी घेऊन ठेवली, कारण मंगळवारच्या आत अर्ज गेला तर लिलाव थांबतो.

सोमवारी दुपारी कंपनीचा ईमेल आला: लिलाव पुढे ढकलला. रद्द नव्हे. २ सप्टेंबरला विकायचं तर १२ ऑगस्टपर्यंत नवी नोटीस लावावी लागेल, हे सार्जंटसाहेबांना समजावलं. वकिलाची भेट मात्र रद्द करू दिली नाही.