सोबतीला

शिकायला दुसऱ्या शहरात गेली तेव्हा आमच्या मुलीने मागे दोन गोष्टी ठेवल्या. एक अर्धवट शिकलेली पेटी आणि दुसरी मिरी. पेटीला निदान खायला लागत नाही.

मिरी म्हणजे आमची चिंचिला, वय वर्षं अकरा. खारीची शेपूट, सशाचं अंग, उंदराच्या मिश्या आणि पोह्याच्या पापडासारखे दोन गोल कान, असा सगळा ऐवज अर्ध्या किलोत बसवलेला. आईला पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर दाखवली तेव्हा सांगलीहून निकाल आला, "उंदीर आहे तो. आम्ही पिंजरे लावून बाहेर सोडतो, तुम्ही पिंजरे आणून आत ठेवता."

कॅल्गरीची थंड, कोरडी हवा तिला मानवते. तिचं मूळ गाव अँडीज पर्वतातलं. तिला घाम येत नाही आणि अंगावर अशी लोकर की केसाच्या एकेका मुळातून पन्नास-पन्नास तंतू निघतात. पारा पंचविशीच्या वर गेला की तिची तब्येत धोक्यात. सांगलीतली एप्रिलची एक दुपारही तिने काढली नसती. या लोकरीपायीच चिलीत त्यांची इतकी शिकार झाली की रानातल्या जवळजवळ संपल्या. 1923 साली चॅपमन नावाच्या एका खाण-इंजिनियरने अकरा चिंचिला जहाजातून कॅलिफोर्नियाला नेल्या. आज घराघरांत असलेल्या बहुतेक चिंचिला त्या अकरांच्याच वंशातल्या, असं सांगतात. म्हणजे मिरी आणि आमच्याकडे नंतर आलेली खसखस या लांबच्या का होईना, चुलतबहिणीच. भाऊबंदकी पुढे दिसलीच.

मुलगी गेल्यावर बेसमेंटमध्ये सामसूम झाली. मी संध्याकाळी गवत घालायला खाली उतरले की मिरी फळीवर बसलेली असायची आणि माझ्या तोंडून दरवेळी निघायचं, "एकटी आहे गं बिचारी." त्यात कुठेतरी वाचलं की रानात या कळपाने राहतात, कपारीत एकमेकींना चिकटून. मग काय, बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातून चार महिन्यांचं एक फिकट करडं पिल्लू घरी आलं. दोघीही माद्या आहेत ना, हे डॉक्टरकडून तपासून घेतलं. तिथे चूक झाली तर एकशे अकरा दिवसांनी उघडे डोळे आणि अंगभर केस घेऊन हजर होणारी पिल्लं ती चूक दाखवून देतात.

योगायोग असा, की त्याच सुमारास भाऊ आणि मी आईसाठीही कोणीतरी शोधत होतो. बाबा गेल्यापासून ती एकटी. दिवसा शेजारपाजार असतो, पण रात्रीच्या सोबतीला कोणी हवं. जतकडची एक कॉलेजात शिकणारी मुलगी मिळाली. भाडं नाही, फक्त रात्री घरी झोपायचं. आम्ही दोघांनी फोनवर एकमेकांची पाठ थोपटली.

खसखस पहिला महिना वरच्या मजल्यावर, कपडे धुण्याच्या खोलीत वेगळी राहिली. काही आजार असेल तर तो मिरीला लागू नये म्हणून. मग तिचा पिंजरा खाली मिरीच्या शेजारी आणला. दोन्हींमध्ये वीतभर अंतर. चिकटून ठेवले तर गजातून बाहेर आलेली पायाची बोटं चावली जातात. मिरीने दात कटकट वाजवून नापसंती नोंदवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. आठवडाभर ती माझ्याशीही बोलत नव्हती म्हणा ना.

तिकडे सांगलीहून बातम्या येतच होत्या. "दोन-दोनपर्यंत दिवा जाळते." "माझी कढई वरच्या फळीवर ठेवली. माझा हात पोचतो का तिथे?" आणि एकदा, जरा आवाज उतरवून, "अगं, सगळ्या घराला तिच्या तेलाचा वास येतो."

वास! मुलीने फोनवर मला शिकवलेला पुढचा धडा नेमका हाच होता. "आई, आधी भेटवू नकोस. आधी आंघोळीची भांडी बदल."

चिंचिलाला पाण्याची आंघोळ चालत नाही. इतकी दाट लोकर भिजली की वाळत नाही, आत बुरशी धरते. तिची आंघोळ राखेची. ज्वालामुखीच्या खडकाची पिठासारखी मऊ, करडी पूड एका खोल भांड्यात घालून आत ठेवायची. मिरी आधी काठावर पुढचे दोन्ही पंजे टेकते, वास घेते, एकदा माझ्याकडे बघते आणि अंग टाकून देते. मग भिंगरी. पोट वर, पाठ वर, पुन्हा पोट, आणि काचेला आतून पुटं चढत जातात. पावसाआधी अंगणात चिमण्या धुळीत लोळायच्या ते आठवतं. दोन मिनिटांत ती बाहेर येऊन अंग झाडते आणि आमच्या बेसमेंटमधल्या टीव्हीवर पीठगिरणीतल्यासारखा थर बसतो. तर मी खसखसने वापरलेली राख मिरीला द्यायला लागले आणि मिरीची तिला. पहिल्या दिवशी मिरी काठावरूनच परतली. चौथ्या दिवशी लोळली, पण आटोपतं घेतलं. परक्याच्या टॉवेलने तोंड पुसावं तसं.

प्रत्यक्ष भेट झाली ती नाताळच्या सुट्टीत, बाथरूममध्ये. ती जागा दोघींच्याही मालकीची नाही म्हणून. कोरड्या टबात जुना टॉवेल अंथरला आणि दोन्हीकडून उघडी पुठ्ठ्याची एक नळी ठेवली. एकच तोंड असलं तर आत शिरलेली कोंडली जाते. पळणाऱ्याला मागचं दार लागतंच. खसखस नाचतच पुढे गेली. तिला बिचारीला वाटलं, आई सापडली. मिरी मागच्या दोन पायांवर उभी राहिली, पुढचे पंजे छातीशी घेतले आणि नेम धरून मुतली. चिंचिला माद्यांचं हे हत्यार आहे. नेम मात्र चुकला. म्हणजे खसखसच्या बाजूने चुकला, माझ्या चष्म्याच्या बाजूने अचूक होता. मग पाठलाग, किंचाळणं, आणि टॉवेलवर लोकरीचा एक पुंजका. भ्यायल्यावर त्या केसांचा झुपका सोडून देतात. पकडणाऱ्याच्या तोंडात लोकर राहते आणि चिंचिला निसटते.

मी घाबरून मुलीला फोन लावला.

"रक्त आलंय का?"

"नाही गं, पण..."

"मग ठीक आहे. आज बास, उद्या पुन्हा. दहाच मिनिटं. आणि आई, एक विचारू? मिरी एकटी आहे हे तुला कोणी सांगितलं? इतकी वर्षं मी दिवसभर शाळेतच असायचे की."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गवत दिवसातून एकदा घातलं तरी पुरतं, आणि मी चार-चार वेळा खाली उतरत होते, हे तिला नवऱ्याने सांगितलं असणार.

पुढचे दोन महिने आमच्या बाथरूमला वेळापत्रक होतं. दहा मिनिटांची वीस झाली, विसाची तास. मोठा पिंजरा घासूनपुसून फळ्यांच्या जागा बदलल्या, म्हणजे जुनी मालकीण आणि नवी भाडेकरू दोघींनाही घर सारखंच अनोळखी. वाट्या दोन, गवताचे ढीग दोन, झोपायची खोपटी दोन. मार्चमध्ये एका रविवारी दोघींना एकत्र ठेवलं आणि मी रात्रभर बेसमेंटमधल्या सोफ्यावर झोपले. म्हणजे नुसती पडले. चिंचिला रात्रीच जाग्या असतात, त्यांचा खुडबुडाट चालूच होता.

गळ्यात गळे वगैरे काही नाही. मिरी वरच्या फळीवर, खसखस खालच्या. पण परवा एक पाहिलं. खसखस हळूच वर चढली आणि मान खाली घालून मिरीच्या हनुवटीखाली डोकं सरकवलं. मिरीने बराच वेळ काही केलं नाही. मग तिच्या कानामागे पुढच्या दातांनी बारीक बारीक खुरपल्यासारखं करायला लागली. म्हाताऱ्या चिंचिलांचे दातही संत्र्याच्या सालीसारखे पिवळेकेशरी असतात, आणि ते तसेच असावे लागतात. खसखसचे डोळे मिटत आले. अर्ध्या मिनिटाने मिरीने पंजाने तिला बाजूला लोटलं. आता पुरे.

आईला सांगायला फोन केला. तिच्या सोबतीची मुलगी परीक्षा संपवून पंधरा दिवसांपूर्वी गावी गेली होती.

"आता बरी शांत झोप लागत असेल तुला," मी म्हटलं.

"लागते की," आई म्हणाली. मग जरा थांबून, "तिच्या खोलीतला पंखा फार आवाज करतो गं. ती यायच्या आत दुरुस्त करून घ्यावा म्हणते."