कणकुंबीचा दोर

आम्ही आठवीत होतो. शाळेचं आवार एकच, पण मराठी वर्ग आंब्याकडे आणि कन्नड वर्ग विहिरीकडे. 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, सीमाभागातल्या आमच्या मराठी घरी काळा दिवस पाळत, कन्नड पोरांच्या दारात लाल-पिवळा झेंडा लागे. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कोणी कोणाशी बोलत नसे.

त्या डिसेंबरात स्काउटच्या सरांनी दोन्ही माध्यमांची पोरं खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला शिबिराला नेली. कबड्डी त्यांनी मुद्दाम ठेवली नाही. मराठी विरुद्ध कन्नड असे संघ आपोआप पडले असते, हे मला स्वतः शिक्षक झाल्यावर उमगलं. त्याऐवजी दोरानं कातळ चढायचा ठेवला आणि नुसती वजनं बघून जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला बोर्डिंगातला सौंदत्तीचा मुलगा आला.

दोराला कन्नडमध्ये 'हग्ग' म्हणतात. मराठी कानाला तो शब्द कसा लागतो, ते सांगायला नको. आमची पोरं खिदळली. तो मान खाली घालून गाठ मारत राहिला. हसणाऱ्यांत मीही होतो, त्याचं आजही वाईट वाटतं.

कातळ वीसेक फुटांचा. वरच्याने स्वतःला झाडाशी बांधायचं, पाय रोवून बसायचं, दोर कमरेमागून घ्यायचा आणि खालचा चढेल तसा ओढत राहायचा. अर्ध्यावर त्याचा पाय निसटला. "हग्ग हिडी!" दोर धर, असं तो ओरडला. मी दोर पोटाशी आवळला. तळव्याची साल निघाली, पण दोर सुटला नाही. कोणी हसलं नाही. मग माझी पाळी आली, तेव्हा वरून त्याचा आवाज आला, "धरलाय, ये." मराठीत!

संध्याकाळी माउलीच्या देवळापाशी, मलप्रभेच्या उगमावर डबे सुटले. त्याची कडक जोंधळ्याची रोट्टी आणि शेंगाचटणी, माझी तांदळाची भाकरी. ही नदी 304 किलोमीटर वाहत कूडलसंगमाला कृष्णेला मिळते, असं सर सांगत होते. तो मधेच म्हणाला, "वाटेत आमचं रेणुकासागर धरण लागतं. म्हणजे तुमचं पाणी आम्ही पितो." माझी आजी यल्लम्माच्या यात्रेला त्याच्याच गावी जायची, हे मला तेव्हा आठवलं.

शाळेला एकच विनंती आहे. शिबिर दरवर्षी असू द्या, आणि जोड्या वजन बघूनच लावा.

आजही जूनमध्ये खानापुरात पावसानं जोर धरला की त्याचा फोन येतो. "पाणी सोडलंस का रे?" तो मराठीत विचारतो. "बिट्टीनि," सोडलंय, असं मी कन्नडमध्ये सांगतो.